माऊलीचे डोळे

वेंगुर्ल्याच्या आमच्या वाडीतल्या माऊलीचे, म्हणजे आमच्या ग्रामदेवीचे, डोळे माझ्या आत्याने उघडले, असं तिथे सगळे सांगतात. देवळाच्या भिंतीवरच्या फरशीवरही तिचंच नाव आहे. ते खोटं आहे. ते डोळे मी रंगवले, जयपुरात, कुणालाही न विचारता, आणि ते काम माझं नव्हतं. आत्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती तिच्या हातात पडायच्या आधी मी वाटेतच काढून घेतली. एवढं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू मांडू लागलो तर वाचणाऱ्याला सावध राहता येईल.

बाबा रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते. बदली होऊन जयपूरला आले आणि राहिलेच. आमचं घर दुर्गापुऱ्यात, स्टेशनाच्या मागच्या बाजूला. एका अंगाला गाड्यांचे भोंगे आणि दुसऱ्या अंगाला शेतकी संशोधनाच्या शेतातले मोर. पाहुण्यांना मोरांचं कौतुक वाटायचं. आई मात्र म्हणायची की हे ओरडणं ऐकून कुणी तरी बुडतंय असंच वाटतं. ती मालवणची. समुद्रापासून इतक्या लांब येऊन तिने डब्यांतून घर चालवलं. सुकटीचा डबा, सोलांचा डबा, उकड्या तांदळाचं पोतं. सुकट भाजायची झाली की आधी सगळ्या खिडक्या लावून घ्यायची, आणि तरीही शेजारच्या शर्मा भाभी जिन्यात भेटल्या की नाकाला पदर लावून हसत विचारायच्या, "आज फिर समंदर आया क्या?" घरात मालवणी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. मला तिन्ही येत होत्या आणि एकीतही मला मनातलं नीट सांगता येत नसे. त्यातूनच मी चित्रांकडे वळलो असेन.

चित्रांची ओळख मात्र जयपूरने करून दिली नाही. ती वेंगुर्ल्याने करून दिली, म्हणजे सुलूआत्याने. ती बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी परतली आणि आजोबांच्या गणपतीच्या शाळेत मातीला लागली. कोकणात मूर्ती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. आजोबांच्या मागे शाळा चुलतकाकांकडे गेली, आत्या कामाला राहिली. दर मे महिन्यात आम्ही गावी पोचलो की दुसऱ्या दिवसापासून ती मला घेऊन गावभर फिरायची. बंदरावर होड्या ओढून ठेवलेल्या असत आणि एक म्हातारा गडी त्यांच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, नावं आणि कमळं रंगवत बसलेला असे. त्याच्याजवळ ती मला तासभर नुसती उभी करायची. दशावताराचे रंगवलेले पडदे एका ओटीवर गुंडाळून ठेवलेले असत, ते मालकाकडून उलगडून घ्यायची. पडद्यावरचे राजवाडे दमट हवेने फुगलेले, खांबांना बुरशी. निवृत्त झालेले एक चित्रकलेचे मास्तर सुट्टीत एका दवाखान्याच्या पडवीत गावातल्या हौशी लोकांची चित्रं मांडायचे. तिथे सगळीकडे समुद्र. निळा समुद्र, केशरी समुद्र, माडाच्या आडून समुद्र. मी भारावून बघत होतो. आत्या पदराने वारा घेत एक फेरी मारून आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "समुद्र सगळ्यांनी काढल्यानी, वाऱ्याक कोणी बघूक नाय." मास्तरांनी ऐकलं असावं, कारण चहा आला तेव्हा आत्याच्या कपात साखर नव्हती. ती तसाच प्यायली आणि वाटभर हसत राहिली.

जाईल तिथे ती माझी ओळख करून द्यायची, "ह्यो माझो भाचो, जयपूरचो. ह्याका रंग कळतत." मला रंग कळत होते की नाही कोण जाणे. पण असं म्हणणारी ती एकटीच होती.

शाळेत आत्या सगळं करायची. शाडू मळणं, सोंडेचं वळण, पितांबराच्या निऱ्या, दागिन्यांचं सोनेरी काम. फक्त डोळे करायची नाही. डोळ्यांच्या रेघा, म्हणजे आखणी, हे शाळेच्या मालकाचं काम. तो सकाळी आंघोळ करून, न खाता बसायचा आणि एकेका गणपतीला नजर द्यायचा. बाईने डोळे उघडू नयेत असं कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. कुणी तिला नाही म्हटलंही नव्हतं, कारण तिने कधी विचारलंच नव्हतं. ती डोळे काढायची ते शिंपल्यांत. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या शिंपल्या वेचून आणायची, आतल्या गुळगुळीत बाजूवर एकेक डोळा काढायची आणि घरामागच्या परड्यातल्या पेळेवर, म्हणजे बसक्या कट्ट्यावर, त्या मांडून ठेवायची. "बघ, हो वायच रागान बघता. हो लबाड आसा. ह्येका झोप इली." संध्याकाळी त्या सगळ्या बादलीत बुडवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच शिंपल्या पुन्हा कोऱ्या. असे किती डोळे तिने काढले आणि धुतले असतील.

मी कॉलेजात गेलो त्या सुमाराला वाडीने ठरवलं की माऊलीची नवी मूर्ती करायची. जुनी काळ्या दगडाची मूर्ती झिजून तिचं तोंड ओळखू येईनासं झालं होतं. मूर्ती संगमरवरी हवी, संगमरवरी म्हणजे जयपूर, आणि जयपूर म्हणजे आमचे बाबा. बाबांनी होकार दिला, पण एक अट घातली. मूर्ती इथून जाईल ती कोऱ्या डोळ्यांची. डोळे आक्का, म्हणजे सुलूआत्या, काढणार, प्रतिष्ठेच्या सकाळी, देवळात. बाबा एरवी कुणापुढे अट घालणारे नव्हते. वरिष्ठांसमोर तर त्यांचा आवाजच निघत नसे. वाडीतल्या जाणत्यांनी कुरकुर केली. पण चुलतकाकांचा हात तोवर कापू लागला होता, आणि परगावचा कारागीर आणण्यापेक्षा घरची बाई बरी, असं म्हणून ते कबूल झाले.

नेमकी तेव्हाच आत्याची नजर जाऊ लागली. आधी कडा गेल्या, म्हणजे समोरचं दिसे पण बाजूने येणारं माणूस दिसेना. बाबांनी तिला जयपूरला आणलं. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काचबिंदू आहे, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधांनी जमेल तितकं धरून ठेवू. घरी येताना रिक्षात तिने एकच विचारलं, मूर्ती कधी पुरी होते. बाबा म्हणाले, होळीनंतर. 

मूर्ती घडत होती चांदपोलजवळच्या मूर्तिकारांच्या गल्लीत. त्या गल्लीत शिरलं की आधी आवाज, छिन्नीचा बारीक आणि घासयंत्राचा कर्कश, आणि मग पांढरी धूळ. माणसं, कुत्री, चहाचे ग्लास, सगळं पिठात लोळल्यासारखं. आमची मूर्ती गोपाळजींच्या कारखान्यात होती. बाबांच्या निरोपांसाठी मी जाऊ लागलो आणि हळूहळू निरोप नसतानाही जाऊ लागलो. त्याच वर्षी कलामहाविद्यालयाने मला दुसऱ्यांदा नाकारलं होतं. शहरातल्या प्रदर्शनांना मी जायचो, कोपऱ्यात उभा राहायचो, तरुण चित्रकारांच्या घोळक्यात कुणी काही विचारेल याची वाट बघत त्यांचाच चहा प्यायचो. कुणी कधी विचारलं नाही. घरी बाबा रेल्वे भरतीच्या परीक्षेचं पुस्तक टेबलावर ठेवायचे, मी ते उचलून कपाटावर टाकायचो, ते पुन्हा टेबलावर ठेवायचे. गोपाळजींनी मात्र मला ब्रश दिला. आधी साडीचे काठ, मग दागिने, मग ओठ. एक दिवस एका राधेचे डोळे करू दिले. ते बघून त्यांनी मान हलवली आणि ती मूर्ती गिऱ्हाइकासाठी पुढच्या फळीवर ठेवली. त्या रात्री मी जेवलो नाही. इतका आनंद झाला होता की घास उतरेना.

इकडे आत्या सराव करत होती. मी तिला कारखान्यातून संगमरवराच्या कपच्या आणून द्यायचो. खिडकीशी, सकाळच्या उन्हात बसून ती कपच्यांवर डोळे काढायची. कपच्या घरभर पसरल्या. ओट्यावर, शिवणयंत्रावर, देवघरासमोर. आई म्हणायची, "भाजी चिरूक बसलंय तरी कोणतरी बघताच." आम्ही हसायचो. पण मी त्या कपच्या उचलून बघत होतो. दोन डोळ्यांची जोडी जमत नव्हती. एक वर, एक खाली. कधी रेघ मध्येच तुटून पुढून सुरू व्हायची आणि ती तुटलीय हे तिला कळत नसे. ती मला विचारायची, "कसो झालो?" मी म्हणायचो, छान. ती कपची डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघायची, बाजूला ठेवायची आणि दुसरी घ्यायची.

तिला काय दिसत होतं, हे मी कधी विचारलं नाही.

होळी झाली. मूर्ती पुरी झाली. चेहरा इतका सुरेख की गल्लीतले इतर कारागीर येऊन बघून गेले. डोळ्यांचा आकार कोरलेला, आत नुसता पांढरा दगड. गोपाळजी मूर्ती बांधायला घेणार होते. मी त्या दिवशी सकाळी घरून निघालो तेव्हा आत्या खिडकीत होती आणि तिच्यासमोरच्या कपचीवर एक डोळा होता, पुरता तिरळा. वाटभर मला दिसत राहिलं की देऊळ भरलंय, पडदा सरलाय आणि माऊली तिरळी बघतेय, आणि वाडी आधी गप्प होते आणि मग कुणी तरी हसतं. हे मला दिसलं, हे खरं आहे. मी आत्याला त्या हसण्यापासून वाचवलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तेवढंच खरं नाही. त्या चेहऱ्यासमोर उभा राहिलो तेव्हा माझी बोटं शिवशिवत होती. हजारो माणसं ज्या डोळ्यांत बघून हात जोडतील ते डोळे माझ्या हातून व्हावेत, असं मला वाटत होतं. मला नाकारणाऱ्या त्या सगळ्यांना ते कधीच कळणार नव्हतं, तरीही.

गोपाळजींनी दोरी सोडवत विचारलं, "आँखें तो बुआजी करेंगी ना, वहीं जाके?"

मी म्हणालो, "नहीं, अब यहीं करनी हैं. बुआजी ने मुझे बोला है."

त्यांनी दोरी खाली ठेवली. मग हात धुऊन ये म्हणाले आणि ब्रश काढून दिले. माझा हात त्या दिवशी जितका स्थिर होता तितका पुन्हा कधी झाला नाही. काम झाल्यावर रीतीप्रमाणे मूर्तीच्या डोळ्यांवर पिवळं कापड बांधलं. प्रतिष्ठेपर्यंत ते कुणी सोडत नाही, त्यामुळे कुणाला काही कळणार नव्हतं. रंग ताजा असेतो पुसता येतो. एकदा दगडात मुरला की घासून काढावा लागतो आणि डोळ्याची कडाच जाते. हे मला पक्कं ठाऊक होतं. मूर्ती पेटीत भरून कारखान्यात पडून होती तोवर घरी जाऊन सांगायला मला सवड होती. मी रोज ठरवायचो. रोज संध्याकाळी आत्या विचारायची, मूर्ती नीट बांधली ना, आणि मी हो म्हणून आंघोळीला जायचो.

बाबांनी रजा घेतली. आम्ही मूर्तीबरोबर वेंगुर्ल्याला पोचलो. प्रतिष्ठेच्या पहाटे आत्या विहिरीवर आंघोळ करून आली. नवं इरकली लुगडं, केस ओले, तोंडात पाण्याचा थेंब नाही. तिला रंगाची वाटी धरायला माणूस हवं होतं, तिने मलाच बोलावलं. गाभाऱ्याला पडदा लावला. बाहेर ढोल, झांजा, अख्खी वाडी, ओटीच्या खण-नारळांचा वास. आत आम्ही दोघं आणि माऊली. समईच्या उजेडात आत्याने वाकून नमस्कार केला, काही तरी पुटपुटली आणि पिवळं कापड सोडलं.

ती ब्रश घेऊन जवळ गेली. आणखी जवळ. मग थांबली. डावा हात उचलून तिने बोटाचं टोक दगडी पापणीवरून फिरवलं. आधी एका डोळ्यावरून, मग दुसऱ्या. वाटी कलंडून रंग माझ्या मनगटावर सांडला. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडावी असंच मला वाटत होतं. ती ओरडली असती तर सगळं तिथेच उघड झालं असतं आणि माझ्या वाट्याचं मला मिळालं असतं. ती खाली बसली. माऊलीकडे तोंड करून, ब्रश मांडीवर ठेवून, डोळे काढायला जितका वेळ लागतो तितका वेळ बसून राहिली. बाहेरचे ढोल थांबून पुन्हा सुरू झाले. शेवटी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आखणी बरी झाली हा. हात बरो आसा तुझो."

मग तिने वाटीत ब्रश बुडवला, फडक्याला पुसला, आणि वाटीतला काळा रंग आपल्या बोटांना लावून घेतला. अंगठ्याला, तर्जनीला, थोडा मनगटालाही. पडदा बाजूला करून ती बाहेर गेली आणि म्हणाली, "झाला. येवा आता."

लोकांनी तिच्या त्या काळ्या बोटांना हात लावून नमस्कार केले. बाबा रडत होते. रेल्वेतला तो अबोल माणूस देवळाच्या खांबाला धरून रडत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, माझ्या आक्काने काढले. कुरकुरणारे जाणते म्हणाले, बाईच्या हातात एवढं असेल असं वाटलं नव्हतं. आत्या सगळ्यांना मान हलवत होती. माझ्याकडे तिने दिवसभर पाहिलं नाही. मी जाऊन सांगायला हवं होतं, तिथेच. पण आता सांगितलं तर ती खोटी ठरणार होती. ही पळवाट मला तिनेच दिली आणि मी ती घेतली.

त्यानंतर तिने ब्रश धरला नाही. आमच्याबरोबर जयपूरला आली, हळूहळू पुरती आंधळी झाली आणि खिडकीतल्या त्याच जागेवर बसू लागली. कपच्या तिने आईला फेकून द्यायला सांगितल्या. मीही चित्रं सोडली. रेल्वेची परीक्षा दिली नाही, पण एका खासगी कंपनीत हिशेबाच्या कामाला लागलो आणि अजून तिथेच आहे. लोकांना वाटलं, मुलगा शहाणा झाला. बाबा गेले. जाईपर्यंत त्यांना आयुष्यात एक गोष्ट बरोबर केल्याचा अभिमान होता, ती म्हणजे ती अट. तिरळे असते तर तिरळे, ते डोळे आत्याचे असते. वाडी चार दिवस हसली असती आणि मग तीच नजर वाडीची झाली असती. हे मला आज, या वयात कळतं. तेव्हाही कळत नव्हतं असं म्हणायला मात्र जीभ वळत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीला शाळेत घरातल्या मोठ्या माणसांविषयी काही तरी लिहून न्यायचं होतं. रविवारी सकाळी आत्या गच्चीत उन्हाला बसून मटार सोलत होती. दिसत नसलं तरी दाणे बोटांनी बरोबर काढते, किडका दाणा आला की बाजूला टाकते. मी जिन्याच्या तोंडाशी वर्तमानपत्र घेऊन उभा होतो. मुलीने तिच्या त्या अर्ध्या हिंदी मराठीत विचारलं, "आत्याआजी, गांव की देवी की आँखें तुम्ही काढलीत ना? मतलब, अकेली ने?"

आत्याची बोटं थांबली. मी इथे आहे हे तिला ठाऊक होतं, माझी पावलं ती ओळखते. इतक्या वर्षांत किती जणांना तिने हो म्हटलं होतं. त्या सकाळी हो म्हटलं नाही.

"तुझ्या बापाशीक इचार," ती म्हणाली.

मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी तिला खाली जाऊन आईला चहा टाकायला सांग म्हटलं. ती गेली. मग तिला परत वर बोलावलं, कारण हे तिच्यासमोरच व्हायला हवं होतं. आत्यासमोर फरशीवर बसलो. तिच्या पदरातले मटाराचे दाणे माझ्या गुडघ्याला लागून घरंगळले. मी घरी मालवणी बोलणं कधीच सोडून दिलं होतं, शब्द शोधावे लागले. तिचा हात हातात घेतला. बोटांची टोकं हिरवी झाली होती.

"आत्ये," मी म्हणालो, "माऊलीचे डोळे मी काढलंय. हय, जयपुरात. तुका फसवलंय, गोपाळजींका फसवलंय, बाबांका मरेपर्यंत फसवलंय. तुका जमाचा नाय म्हणान नाय काढलंय. माका होये होते म्हणान काढलंय. ते तुझे होते. माका माफ कर."